भिंतींना जाडी नसलेला नकाशा

मित्रांनो, घर जमिनीवर उभे राहण्याआधी कागदावर उभे राहते. मी तसाच एक जुना कागद आहे. खाकी रंगाचा, घड्यांवर विरलेला, एका कोपऱ्यात इस्त्रीचा चटका बसलेला. माझी हकीकत सांगतो, पण ती फारशी कौतुकाची नाही हे आधीच कबूल करतो. मी एका दुसऱ्या कागदावर फार जळलो, आणि जळणे कागदाला परवडत नाही.

माझा जन्म शिंप्याच्या दुकानातला. माझ्या धन्याला सगळे मास्तर म्हणत. शर्ट-कोटाचे बेत ज्या जाड कागदावर आखतात, त्याच गुंडाळीतला मी एक तुकडा. माझे भाऊबंद बाह्या झाले, कॉलर झाले. माझ्यावर मात्र मास्तरांनी घर आखले. अर्धा इंच म्हणजे एक फूट, असे प्रमाण धरले आणि दुपारी गिऱ्हाईक नसले की पेन्सिल घेऊन माझ्यावर वाकू लागले.

मास्तर, त्यांची आई आणि बायको दुकानामागच्या दोन खोल्यांत राहत. आईंना वॉकर धरून चालावे लागे आणि त्या दोन खोल्यांत वळताना वॉकर कशाला ना कशाला अडे. म्हणून मास्तरांनी आईंची खोली सगळ्यात आधी काढली आणि तिला लागून न्हाणीघर. दोन वर्षांत त्यांनी मला इतक्यांदा खोडले आणि पुन्हा काढले, की काही ठिकाणी माझे अंग अगदी पातळ झाले होते. मला त्याचे दुःख नव्हते. फिटिंगला आलेली माणसे अंगावर अर्धा कोट चढवून माझ्याकडे बघत आणि म्हणत, "मास्तर, तुम्ही इंजिनिअरच व्हायचं होतं!" मास्तर हसत आणि मी अंगावर मूठभर मांस चढल्यासारखा फुगत असे.

मास्तरांची बायको दवाखान्यात नर्स होती. जागा घेऊन झाली, गवंडी ठरला, तेव्हा ती म्हणाली, "अहो, बांधायच्या आधी हा नकाशा कुणा जाणत्याला दाखवू या."

"दोन वर्षं काढलाय मी. आता काय दाखवायचं राहिलंय?"

"ऑपरेशनच्या आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतातच ना? तसंच. एकदा पोट फाडल्यावर विचारून काय उपयोग?"

अशा रीतीने मी एका आर्किटेक्टबाईंच्या टेबलावर जाऊन पडलो. बाई वयाने लहान होत्या. त्यांनी माझ्या घड्या हलक्या हाताने उलगडल्या, चारी कोपऱ्यांवर वजने ठेवली आणि बराच वेळ नुसते पाहिले. मला वाटले, आता वाहवा होणार. बाईंनी एक तलम, पारदर्शक कागद काढला आणि माझ्या अंगावर पसरला. त्या क्षणापासून तो माझा वैरी झाला. मी मनातल्या मनात त्याचे नाव झिरझिऱ्या ठेवले. माझ्याच छाताडावर निजून तो माझ्याच खोल्या गिरवत होता आणि गिरवता गिरवता बदलत होता!

"काका," बाई म्हणाल्या, "तुम्ही भिंत म्हणून एकच रेघ ओढलीय. रेघेला जाडी नसते, भिंतीला असते. बाहेरची भिंत नऊ इंच, आतली साडेचार. न्हाणीघर चार फूट रुंद काढलंय, पण प्रत्यक्षात साडेतीनसुद्धा भरणार नाही."

मास्तरांची बायको पटकन बोलून गेली, "अहो, शिवणीला माया सोडता ना, जास्तीचं कापड? तीच राहिली की हो सोडायची!"

ज्या माणसाने आयुष्यात एक कॉलर तोकडी केली नाही, त्याला हे त्याच्याच बायकोने सुनवावे! मास्तरांचे कान लाल झाले.

बाई पुढे म्हणाल्या, "दार दोन फुटांचं आहे. चौकट गेली की वीस इंचसुद्धा उरत नाहीत. आजींचा वॉकर किती रुंद आहे? आणि हे दार आत उघडतं. आजी आत पडल्या तर दाराला अडसर त्यांचाच होईल. बाहेरून उघडणार कसं?"

त्या आणखीही बरेच बोलल्या. मी ऐकत नव्हतो. मी झिरझिऱ्याकडे बघत होतो. त्याच्या भिंती दुहेरी रेघांच्या होत्या, भरलेल्या, भारदस्त. परतीच्या वाटेवर मास्तरांच्या बायकोने त्याला छातीशी धरले होते आणि मी मास्तरांच्या काखेत चुरगळत होतो. "काल कॉलेजातनं बाहेर पडलेली पोर," मास्तर पुटपुटले, "मला माप शिकवते." ते ऐकून मला फार बरे वाटले. निदान एक माणूस माझ्या बाजूने जळत होता.

मग आखणीचा दिवस आला. बायको सकाळी कामावर जाताना बजावून गेली, "नवा नकाशा द्या हं गवंड्याला." मास्तर "हो" म्हणाले. त्यांनी कपाट उघडले. झिरझिऱ्या वर होता, मी खाली. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिले, आणि मला उचलले. मित्रांनो, इतका आनंद मला कधीच झाला नव्हता. कपाटाचे दार लागताना मी त्या झिरझिऱ्याला मनसोक्त हिणवून घेतले.

जागेवर गवंड्याने मला विटांच्या चवडीवर पसरले. खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या. मग पांढऱ्या फक्कीने माझ्या खोल्या जमिनीवर उमटू लागल्या. एकदा मात्र तो थांबला. "मास्तर, ही रेघ भिंतीची आतली बाजू की बाहेरची?"

"मधली धर," मास्तर म्हणाले, पण त्यांचा आवाज खाली गेला होता.

दुपारी ड्युटी संपवून मास्तरांची बायको सासूबाईंना घेऊन आली. आईंचे तोंड आनंदाने फुलले होते. "माझी खोली कुठली रे? दार कुठंय?" फक्कीच्या रेघा म्हणजे खरोखरीच्या भिंती असल्यासारख्या त्या रेघा सांभाळत, दारादारातून चालत होत्या. अशा त्या न्हाणीघरापाशी पोचल्या. वॉकर दाराच्या दोन्ही रेघांवर चढला, तरी त्यांनी तो कसाबसा आत नेला. आत वळायला गेल्या तर त्याचा पाय दोरीत अडकला. आई तोल जाऊन खाली बसल्या, नेमक्या दाराच्या मागे.

जमीन भुसभुशीत होती. लागले नाही काही. मास्तर धावले. पण बायकोने हात आडवा धरला. तिने चूक ओळखली होती. तिचे डोळे विटांवरच्या माझ्याकडे गेले होते.

"थांबा. रेघ ओलांडू नका. तिथे भिंत आहे ना? दारातनं जा. दार आत उघडतं तुमचं. उघडा आता."

मास्तर दाराच्या रेघेपाशी उभे राहिले. पलीकडे, हातभर अंतरावर त्यांची आई बसली होती, दाराला पाठ लावल्यासारखी. त्यांनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"अरे, उचल ना मला," आई म्हणाल्या. "बघत काय उभा राहिलास?"

तेव्हा मास्तरांनी रेघ पायाने पुसली, आत जाऊन आईंना उठवले आणि त्यांचे गुडघे झटकले. मग गळ्यातली टेप काढून वॉकर मोजला. "पंचवीस इंच," ते म्हणाले. त्यांनी टेप पुन्हा गळ्यात टाकली. आणि गवंड्याला म्हणाले, "पुसून टाक सगळं. उद्या दुसरा नकाशा आणतो. चूक माझी आहे."

चूक त्यांची एकट्याची नव्हती. न्हाणीघर अरुंद आहे, हे बाईंच्या टेबलावर मीही ऐकले होते. तरी सकाळी कपाटातून निघताना मला आईंची आठवण झाली नव्हती. मला फक्त झिरझिऱ्या दिसत होता.

दुसऱ्या दिवशी मास्तर मला आणि त्याला घेऊन बाईंकडे गेले. "त्या दिवशी अर्धंच ऐकलं मी. आता सगळं सांगा," म्हणाले. बाईंनी पहिल्यापासून समजावले. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी आल्यावर त्या म्हणाल्या, "ही तुमची खिडकी मी जशीच्या तशी ठेवलीय. फाटकापासून आजींच्या पलंगापर्यंत सगळं दिसतं इथनं. हे मलाही सुचलं नसतं. मागच्या वेळी बोलले होते मी."

बोलल्या असतील. हेवा करणाऱ्याला स्वतःची स्तुतीही ऐकू येत नाही.

घर झाले. न्हाणीघराचे दार तीन फुटांचे आहे आणि बाहेर उघडते. आई आत जातात, बाहेर येतात, कुणाला हाक मारत नाहीत. झिरझिऱ्या बांधकामाच्या जागेवर एका फळीला डकवलेला होता. ओल्या सिमेंटच्या बोटांनी त्याला हजारदा चाचपले, पाणी उडाले, कडा फाटल्या. छत घालून होईपर्यंत त्याचे तुकडे झाले आणि ते विटांच्या चुऱ्याबरोबर झाडले गेले. मी कपाटात आहे, घरच्या महत्त्वाच्या कागदांमध्ये, जपून ठेवलेला, शाबूत.

म्हणून सांगतो, मित्रांनो, तुमच्या मायेचे घर जरूर स्वतः काढा, पण पाया खणण्याआधी जाणत्याच्या डोळ्यांखालून घाला. आणि त्याने चुका दाखवायला पेन्सिल उचलली की कान बंद करू नका. आमचा जन्म जपून ठेवण्यासाठी नसतो. झिरझिऱ्या घर बांधता बांधता संपला. मी उरलो. आजही मला त्याचा हेवा वाटतो.