कार्डावर चालणारे डॉक्टर

आत्या लाँड्रीत इस्त्री करता करता फोन खांद्याने कानाशी दाबून धरायची. हात कपड्यात, कान दवाखान्यात. भिंगरीच्या अंगावर लाल, खाजऱ्या गांधी उठायला लागल्यापासून तिचं हेच चाललं होतं. भिंगरी तिच्या भावाची मुलगी. भाऊ-वहिनी गेले तेव्हापासून दोघींना एकमेकींशिवाय कुणी नव्हतं.

शाळेत जेवणाच्या सुट्टीत एकदा पोरीचे ओठ सुजले. त्या दिवसापासून मोठ्या बाईंनी तिची खुर्ची भिंतीशी वेगळी लावली. "कशाची अ‍ॅलर्जी आहे ते डॉक्टरांकडून लिहून आणा, मग बसवू सगळ्यांत," त्या म्हणाल्या.

अ‍ॅलर्जीचे डॉक्टर शहरात उदंड होते, पण सरकारी विम्याचं कार्ड घेणारा औषधालासुद्धा नव्हता. कुणी म्हणे, घेत होतो, आता बंद केलं. कुणी 'जरा थांबा' म्हणे, आणि आत्या थांबलेलीच राही.

"कार्डाला कडक इस्त्री मार," लाँड्रीचा मालक म्हणाला, "मग घेतील."

"तुमच्या जिभेला आधी मारते," आत्या म्हणाली आणि पुढचा नंबर लावला.

शेवटी एके ठिकाणी फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "हो ताई, आमचे डॉक्टर कार्डावर आहेत. फक्त टेस्टच्या आधी आठवडाभर खाजेच्या गोळ्या बंद ठेवा. नाहीतर कातडीवर काही उमटत नाही."

गोळ्या बंद झाल्या आणि घरात आग लागल्यासारखं झालं. भिंगरी मानेपासून पोटरीपर्यंत लाल. आत्याने तिची नखं कापली, हातांत आपले जुने मोजे चढवले आणि लाँड्रीतल्या खुणेच्या शाईने त्यांना डोळे काढले. खाज अनावर झाली की एक मोजा दुसऱ्याला विचारी, "काय हो, झोप लागली का?" दुसरा म्हणे, "कसली झोप, शेजारी तुम्ही वळवळताय." पोर हसायची, रडायची, पण खाजवत नव्हती.

ठरल्या दिवशी डॉक्टरांनी हात उलटासुलटा करून पाहिला. माणूस सभ्य होता.

"टेस्ट करायला हवी," ते म्हणाले.

"म्हणून तर आलोय. गोळ्या बंद आहेत. पोरीने दम काढलाय हो."

त्यांनी बाहेरच्या मुलीला बोलावलं. तीच ती, गोड आवाजाची. "ताई, डॉक्टर कार्डावर आहेत. टेस्ट कार्डावर नाही. तिचे पैसे वेगळे." तिने सांगितलेला आकडा आत्याच्या पगाराच्या पलीकडे होता.

"मग कार्डावर मिळतं काय?" आत्याने डॉक्टरांनाच विचारलं.

ते जरा घुटमळले. "तपासणी. म्हणजे टेस्ट करायला हवी, हे मी सांगू शकतो."

"ते तर आमच्या शेजारणीनेही सांगितलं होतं. तिने कार्डही मागितलं नाही."

डॉक्टरांनी मान खाली घालून लिहायला घेतलं. "सरकारी मोठ्या दवाखान्यात टेस्ट फुकट होते. तारीख उशिरा मिळेल. तोवर गोळ्या सुरू करा, तारीख जवळ आली की पुन्हा बंद."

"म्हणजे पुन्हा मोजे?" भिंगरीने विचारलं.

आत्याने तिथेच, दाराबाहेरच्या नळावर, तिला गोळी दिली. घरी पोचेपर्यंत अंग निवळलं. एवढं सोसलं त्याची खूणही उरली नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी डॉक्टरांचा कागद दोनदा वाचला. 'टेस्टचा सल्ला दिला आहे. निदान होईपर्यंत संशयित पदार्थ टाळावेत.'

"संशयित म्हणजे कोणते?"

"तेच कळायला गेलो होतो ना, बाई."

"मग सगळेच धरावे लागतील. खुर्ची आहे तिथेच राहू द्या." बाईंनी कागद फाइलला लावला. आतापर्यंत पोर बाईंच्या मर्जीने भिंतीशी बसत होती. आता डॉक्टरांच्या सहीने बसणार होती, आणि ती सही आत्यानेच मिळवून आणली होती.

दुपारी आत्या तिला न्यायला आली तेव्हा भिंगरी भिंतीशीच बसली होती. दप्तरातून आणलेले मोजे हातांत होते. एक हात टेबलाच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला.

"आज बोलत नाहीत का गं दोघे?"

"लांब बसवलंय त्यांना," भिंगरी म्हणाली. "कुणाला कशाचं होतंय, ते अजून कळलं नाही ना."