आरोपीच्या पायाखालचा खोका

मी एक जुना लाकडी खोका आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. पंपाचे सुटे भाग पोटात घेऊन मी जहाजाने सौदीतल्या रास तनुरा बंदरात आलो. तिथे सुतारकाम करणाऱ्या रत्नागिरीच्या कादिरने मला भंगारातून उचललं, रंधा मारला आणि घरी नेलं. तिथे मी पालथा पडलो आणि कामाला लागलो. माझ्यावर चढून त्याची बायको इस्मत वरचे डबे काढायची. "हा नसता तर माझं सगळं अडलं असतं," असं पाहुण्यांना सांगायची.

पुढे माझी एक फळी सैल झाली. "जुम्म्याला ठोकतो," कादिर म्हणायचा. असे कित्येक जुम्मे गेले.

एकदा शेजारची दोन वर्षांची झेबा माझ्यावर चढली, फळी हलली आणि ती पडली. हनुवटीला तीन टाके पडले. जवळ कादिरची आठ वर्षांची धाकटी लेक अफशाँ होती. या घरची शिस्त अशी, की काही बिघडलं की लहानांनी आधी माफी मागायची, बाकीचं नंतर. अफशाँने माफी मागितली. बाकीचं कुणी विचारलंच नाही. तिनेच ढकललं असं ठरलं आणि झेबा खेळायला येईनाशी झाली. मला गॅलरीत टाकलं. खोक्याला तोंड नसतं, याचं तेव्हा फार वाईट वाटलं.

महिन्याभराने थोरल्या सहरला शाळेसाठी नाटुकलं बसवायचं होतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला खुनाचा खटला, आरोपी दोन भाऊ, दहा आणि आठ वर्षांचे. कालव्यात एक मूल बुडालं होतं. कोर्टात धाकटा कठड्याआड दिसेना, म्हणून त्याला खोक्यावर उभं करायचं होतं. तालमीसाठी मला आत आणलं. कादिर न्यायाधीश झाला, अफशाँ धाकटा भाऊ.

"मुलाला तू पाण्यात ढकललंस?" सहरने वकिलाच्या आवाजात विचारलं.

"माफ करा. परत नाही करणार."

"अगं, 'मी नाही ढकललं' असं म्हणायचंय. माफी मागितलीस तर फाशी देतील त्याला."

"पण आधी माफीच मागायची असते ना, आपा? मी झेबालाही नव्हतं ढकललं. धरायला गेले होते."

कादिर उठला. त्याने अफशाँला खाली उतरवलं आणि माझी फळी दाबून पाहिली.

"चूक माझी होती, बेटा," तो म्हणाला. मग तिचा हात धरून त्याने शेजारचं दार वाजवलं आणि तेच तिथेही सांगितलं.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, लहानांचा न्याय कराल. लेकरू 'माफ करा' म्हणालं, तर तेवढ्यावर थांबू नका. काय झालं, ते विचारा. अफशाँ महिनाभर वाट पाहत होती, कुणीतरी विचारेल म्हणून.