दुसऱ्या साक्षीदाराची सही

पॉलिशवाल्या काकांनी हातातली चिंधी खाली ठेवली आणि सरळ सांगून टाकलं, "पोरी, यातले निम्मे शब्द मी जन्मात ऐकलेले नाहीत. तुझा बाप म्हणाला सही कर, मी केली."

तिने त्यांच्यापुढे मांडलेली शब्दांची कार्डं भराभर गोळा केली.

शब्दकोशाच्या कचेरीत तिला सगळे कार्डबाई म्हणत. बारा वर्षं ती कारागिरांच्या तोंडचे शब्द गोळा करत होती, आणि त्यातही तिचा जीव होता तो वस्तूंना भाग बसवण्याच्या जुन्या शब्दांवर. खुर्चीला पाय लावणं म्हणजे पायवणं, पातेल्याला कान जोडणं म्हणजे कानवणं, पात्याला मूठ बसवणं म्हणजे मुठवणं. आपण आता सगळ्यालाच 'फिट करणं' म्हणून मोकळे होतो, आणि वर घाई किती आहे ते सांगतो.

कचेरीचा नियम कडक होता. एका शब्दाला एक कार्ड, कार्डावर तारीख, बोलणं सुरू झाल्याची नि संपल्याची वेळ, आणि खाली दोन कारागिरांच्या सह्या. तिच्या सुतार वडिलांचे अकरा शब्द होते. त्या सगळ्यांवर दुसरी सही या काकांची, वडिलांच्या चाळीस वर्षांच्या सोबत्याची. पानं आज पाच वाजता छापायला जायची होती. एक जरी बनावट शब्द छापला गेला असता तरी सगळ्या कोशावरचा विश्वास उडाला असता. आणि बनावट कोणते, हे ठाऊक असलेला माणूस एकच होता.

वडिलांच्या खोलीचा जिना ती तरातरा चढली. वडील एका फळीवर रंधा मारत होते. तिला पाहून त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"आज मधेच कशी काय? बरं झालं आलीस. एक शब्द आठवलाय."

"आठवलाय की बनवलाय?" तिने अकराही कार्डं त्यांच्यापुढे भुशात आपटली. "काकांनी सांगितलंय मला सगळं. खरे कोणते ते वेगळे करा."

वडिलांनी चष्मा सदऱ्याला पुसला आणि एकेक कार्ड डोळ्यांजवळ धरून वाचलं. चार डावीकडे ठेवली, सात उजवीकडे.

"हे चार माझ्या बापाच्या तोंडचे. हे सात माझे," ते म्हणाले. मग एकावर बोट ठेवून ओशाळं हसले. "हा 'बिजागरणे' तर जिन्यात तुझी पावलं वाजली तेव्हा केला. घाईत केला ना, म्हणून जरा ओबडधोबड झालाय."

तिला हसू फुटलं असतं, पण राग आधी आला. "बाबा, माझी नोकरी आहे ही! बारा वर्षांत कुणी माझ्या एका कार्डाला नाव ठेवलेलं नाही."

"कळतं गं मला."

"मग का केलंत?"

ते पुन्हा रंध्याकडे वळले. ती धुसफुसत सात कार्डं गोळा करू लागली, आणि तिची नजर स्वतःच्याच अक्षरावर पडली. खरे चार शब्द एकाच महिन्यातले, आई असतानाचे. ही सात आई गेल्यानंतरची, दोन वर्षांत पसरलेली. साडेचार ते पाच. चार ते सव्वाचार. एकाही कार्डावर अर्ध्या तासाच्या वर वेळ नव्हता. या सात तारखांखेरीज ती इथे फक्त एकदा आली होती, तेव्हा वडील म्हणाले होते, आज काही आठवत नाही. मग ती दारातूनच परत गेली होती. त्या दिवसाचं कार्ड नव्हतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तिने कचेरीत फोन लावला. "सात शब्द काढा. चूक माझी आहे." पलीकडून संपादक म्हणाले, "काढतो, पण बदललेल्या पानावर तुमची सही लागेल. पाचच्या आत या."

"कोश संपला का मग?" वडिलांनी विचारलं.

"हो. आज जाईल छापायला."

"मग आता तुझं इकडे काय काम निघायचं?"

त्यात टोमणा नव्हता. गिऱ्हाइकाला माप विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"जेवायला येईन," ती पटकन म्हणाली. "रविवारी."

"जेवायला?" वडील विचारात पडले. "त्याला तास तरी लागतो गं."

साडेचार वाजून गेले होते, आणि कचेरी वीस मिनिटांवर होती. वडिलांनीच अकरा कार्डं भुसा झटकून तिच्या पिशवीत घातली.

"जा," ते म्हणाले, "उशीर होईल तुला."

आणि ती गेली.