शब्दकोशातली दुसरी ओळ

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. माझी पाठ उसवली आहे, शेवटची काही पाने वाळवीने खाल्ली आहेत आणि अंगाला ओल्या पोत्याचा वास येतो. तरीही मला सगळे आठवते. ज्याने शब्द साठवायचे त्याला विसरून कसे चालेल?

छापखान्यात माझा जन्म झाला. बाइंडरने माझी पाने दुमडली, दोऱ्याने शिवली, सरस लावला आणि दोन दिवस मला दाबाखाली ठेवले. सोबत्याला तो म्हणाला, "हा गडी आपल्यापेक्षा जास्त टिकेल." त्याचे बोलणे खरे ठरले, पण आज मला त्याचा आनंद होत नाही.

तिथून मी कापड रंगवणाऱ्या एका कारखान्याच्या कचेरीत आलो. अनुवादाचे काम करणाऱ्या बाईंच्या मेजावर मला जागा मिळाली. यंत्रांची माहितीपत्रके, पिंपांवरच्या सूचना, सगळे त्या मराठीत करत. त्यांची एक रीत होती. शब्द माहीत असला तरी त्या मला उघडत आणि बोट फिरवत शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. हेडक्लार्क चिडवायचे, "बाई, 'डोअर' म्हणजे दारच ना, की कालपासून बदललं?" बाई म्हणायच्या, "पहिल्या ओळीत शब्दाचा स्वभाव कळतो, खोड शेवटच्या ओळीत." हे ऐकून मी फुशारून जायचो. अकरा वर्षे आमचे असे छान जमले.

बाई मात्र कायम नव्हत्या. दरवर्षी त्यांना नव्याने नेमत. त्या वर्षी कायम करण्याचे पत्र एकदाचे तयार झाले आणि सहीसाठी व्यवस्थापकसाहेबांच्या खणात जाऊन बसले.

त्याच उन्हाळ्यात सरकारी तपासनीस आले. कारखान्याच्या मागच्या भिंतीतून एक जाड पाइप बाहेर निघत होता. त्यावर इंग्रजीत एकच शब्द रंगवलेला होता, 'एफ्लुअंट'. तपासनीस म्हणाले की खालच्या लोकांना कळेल अशा भाषेत इथे पाटी लावा.

त्या भिंतीखाली बाईंच्या धाकट्या भावाचा भाजीचा मळा होता. ओढा आटला होता आणि वाफे करपायला लागले होते. पाइपाचे पाणी घेऊ का, असे त्याने बहिणीला विचारले होते. बाईंनी हेडक्लार्कना सांगितले, "मी त्याला म्हटलं, दोन दिवस थांब. पाटी मीच लिहिणार आहे. ती वाच आणि मग ठरव."

बाईंनी मला उघडले. त्या शब्दापुढे माझ्यात तीन ओळी आहेत. पहिली ओळ: बाहेर वाहणारे. दुसरी ओळ: कारखान्यातून बाहेर सोडलेले दूषित, बहुधा विषारी पाणी. तिसऱ्या ओळीत शब्दाचा वापर दाखवणारे वाक्य आहे: 'कारखान्याच्या एफ्लुअंटने नदीतले मासे मेले.' बाईंनी कागदावर लिहिले, 'कारखान्याचे विषारी सांडपाणी. वापरू नये.'

साहेबांनी कागद वाचला. मग ते मेजापाशी आले आणि माझ्या पहिल्या ओळीवर त्यांनी बोट ठेवले.

"हे काय लिहिलंय?"

"बाहेर वाहणारे."

"मग तेवढंच लिहा. 'बाहेर वाहणारे पाणी.' कोशातलं आहे, पदरचं काही घालायचं नाही."

"साहेब, पण त्याच्या खाली..."

"खालचं राहू द्या. आणि हो, तुमचं पत्र बघतो मी एक-दोन दिवसांत."

बाईंनी नवा कागद घेतला. साहेब खोटे बोलले नव्हते. ते माझेच शब्द होते, म्हणून मला जास्त लाज वाटली.

पाटी लागली. चार दिवसांनी भाऊ टोपलीभर कोवळ्या शेंगा घेऊन कचेरीच्या दारात आला. "ताई, पाटी वाचली. तू लिहिलीस म्हटल्यावर बिनघोर झालो. तेच पाणी देतोय रोज."

साहेब शेजारीच उभे होते. बाईंचे पत्र त्यांच्या हातात होते, सही अजून झालेली नव्हती. बाईंनी शेंगांकडे पाहिले. मग म्हणाल्या, "बरं. ऊन झालंय, घरी जा तू."

दुपारी सही झाली. पत्र पिशवीत ठेवताना बाई स्वतःशीच पुटपुटल्या, "रविवारी मळ्यावर जाऊन सांगते त्याला."

शनिवारी कारखान्यातल्या टाक्या धुतल्या. कापड उकळायला वापरतात तो जळजळीत क्षार पाइपातून खाली गेला. भाऊ तिथे वाकून तोंड धूत होता. त्याचे दोन्ही डोळे गेले. सोमवारी हेडक्लार्कनी ही बातमी सांगितली, तेव्हा बाईंचा हात माझ्यावर होता. तो त्यांनी काढून घेतला.

चौकशीला दुसरेच तपासनीस आले. साहेबांनी मला त्यांच्यापुढे उघडले आणि पुन्हा पहिल्याच ओळीवर बोट ठेवले. तपासनिसांनी ती वाचली, मान हलवली आणि मला मिटले. बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. 'पुढे वाचा' एवढेच म्हणायचे होते. त्या म्हणाल्या नाहीत.

महिन्याभरात बाईंनी नोकरी सोडली आणि जाताना मला घरी नेले. भाऊ आणि भावजय आता त्यांच्याचकडे राहतात. मला कपाटावर टाकले, तिथे छप्पर गळते. सात वर्षे मला कोणी उघडले नाही. बाई माझ्याकडे बघतही नसत.

परवा भावजयीने झाडताना मला खाली काढले. भावाने विचारले, "ताई, हाच ना तुझा कोश? त्या पाटीवरचा शब्द वाचून दाखव. सगळं वाच."

बाईंनी पहिली ओळ वाचली आणि त्या थांबल्या.

"पुढं?"

त्यांनी दुसरी वाचली. मग माशांचे वाक्यही वाचले.

"हे तेव्हाही होतं यात?"

"होतं."

"तू वाचलं होतंस?"

"हो."

त्याने हात पुढे केला आणि माझे पान चाचपले. "दुसरी ओळ कुठं आहे?" बाईंनी त्याचे बोट धरून तिच्यावर ठेवले. तो त्या ओळीवरून बोट फिरवत राहिला. बहिणीशी मात्र तो त्यानंतर अजून बोललेला नाही.

मित्रांनो, माझी पाठ कोणी शिवली नाही तरी चालेल. वाळवीने मला संपवले तरी माझी तक्रार नाही. फक्त मला उघडाल तेव्हा शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि जे वाचाल ते ज्याला सांगायचे त्याला त्याच दिवशी सांगा. नुसते वाचून भागत नाही. बाईंनी तर सगळे वाचले होते.