म्हाताऱ्याचे बारा सेकंद

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे. लगेच नाक मुरडू नका. मी जेवणाचं टेबल नाही आणि अभ्यासाचं तर मुळीच नाही. माझी फळी उतरती आहे, तिच्या मधोमध ताटाएवढी गोल काच आहे आणि काचेखाली, म्हणजे माझ्या पोटात, दिवा आहे. काचेच्या कडेला तीन खुंट्या आहेत. त्यांत कागद अडकवून दिवा लावला, की खालच्या कागदावरचं चित्र वरच्या कागदातून दिसतं. तुम्ही ज्यांना कार्टून म्हणता, ती हलणारी चित्रं पूर्वी अशी हाताने काढत असत. एका सेकंदाला बारा चित्रं. तुम्ही एकदा शिंकाल, तेवढ्यात आमचे बारा कागद खर्ची पडत.

सुताराने मला घडवलं तेव्हा तो स्वतःशीच हसला होता. मधोमध भोक पडलेलं टेबल कोण घेणार, असं त्याला वाटलं असावं. मला घेतलं मास्तरांनी. चित्रकारांच्या त्या मोठ्या खोलीत सगळे त्यांना मास्तरच म्हणत. पुढे त्यांची लेक कामाला लागली, तशी त्यांनी मला तिच्या हवाली केलं आणि स्वतः समोरच्या खिडकीपाशी साधी फळी मांडीवर घेऊन बसू लागले. कामाची वाटणी ठरलेली होती. एखादी हालचाल जिथे सुरू होते ते पहिलं चित्र आणि जिथे संपते ते शेवटचं चित्र मास्तर काढत. मधली सगळी लेक काढत असे. मधली चित्रं जितकी जास्त, तितकी हालचाल सावकाश. एवढं कळलं की आमचं अर्धं काम तुम्हाला कळलं.

मग तो मोठा चित्रपट आला. लहान मुलांसाठी लिहिलेल्या एका जुन्या पुस्तकावरून तो करायचा होता. दगडात रुतलेली तलवार उपसून राजा झालेल्या पोराची ती गोष्ट. त्यात राजाचं गोल टेबल होतं आणि त्याला शहाणं करणारा म्हातारा जादूगार होता. हेच पुस्तक मास्तरांनी लेकीला लहानपणी इतक्यांदा वाचून दाखवलं होतं, की त्याची पाठ निघाली होती आणि ते दोऱ्याने बांधून ठेवावं लागे. दिवसभर त्या गोल टेबलाचं कौतुक ऐकून मला जरा झोंबायचं, खोटं कशाला बोलू?

जादूगार मास्तरांनी स्वतःवरूनच काढला. समोर आरसा ठेवून ते भुवया उंचावत, गाल फुगवत आणि कागदावर उतरवत. जादूगार पाठीत वाकलेला, डावा पाय किंचित ओढत चालणारा. लेक म्हणे, "बाबा, अहो हा तर तुम्हीच!" ते म्हणत, "मग? फुकटात मिळालेला नट कोण सोडतो?" खोली हसायची. ते दिवस फार चांगले होते.

शेवटी जादूगाराच्या निरोपाचं दृश्य आलं. राजा मोठा झालाय, आता म्हाताऱ्याचं काम संपलं. पुस्तकात यावर एकच ओळ आहे, की तो निघून गेला. चित्रपटात त्याला तीन सेकंद मिळाले होते. त्या दुपारी मास्तरांनी दोन चित्रं काढली. पहिल्यात म्हातारा राजाच्या खुर्चीजवळ, शेवटच्यात दारात, मागे वळून बघणारा. ती त्यांनी माझ्यावर ठेवली.

"मधलं तू कर गं. मी जरा घरी जाऊन पडतो."

"हो बाबा, ठेवा तिथे," लेक म्हणाली. ती दुसऱ्याच चित्रात गढलेली होती. तिने मान वर केली नाही.

मास्तर चालत दारापर्यंत गेले, थांबले, मागे वळून त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि गेले. मी हे सगळं पाहिलं. तिने पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मास्तर आले नाहीत, आणि मग कधीच आले नाहीत. झोपेतच गेले, असं खोलीत बोलत होते.

तेरा दिवसांनी लेक आली आणि माझा दिवा लावून कामाला बसली. मधली चौतीस चित्रं हवी होती. ती तिने काढली. मग प्रत्येक दोन चित्रांच्या मध्ये आणखी एक काढलं. मग त्यांच्याही मध्ये एकेक. मास्तरांची दोन धरून एकंदर एकशे एक्केचाळीस चित्रं झाली. जे चालणं तिने पाहिलं नव्हतं, ते ती पावलापावलाने काढत होती. पाय कसा ओढला असेल, हात खिशाकडे कसा गेला असेल. कागदावर पाणी पडलं तर ती तो कागद बाजूला टाकून नवा घ्यायची. मला तोंड असतं तर सांगितलं असतं, अगं, अगदी असेच गेले.

चित्रं पडद्यावर लावून बघितल्यावर दिग्दर्शक स्वतः माझ्यापाशी आला. आरडाओरडा करण्यात त्याचा हातखंडा होता, पण त्या दिवशी स्टूल ओढून हळूच बसला.

"ताई, तीन सेकंदांचं दृश्य बारा सेकंदांचं झालंय. म्हातारा काही केल्या दारापर्यंत पोचतच नाही."

"नाही पोचला तर काय बिघडलं?"

"पोरं झोपतील हो थिएटरात. आणि पुस्तकातही एकच ओळ आहे."

"पुस्तकाला संपायची घाई होती," ती म्हणाली. "मला नाहीये."

त्याने खिडकीपाशी पडलेल्या मास्तरांच्या फळीकडे पाहिलं. मग म्हणाला, "मास्तर असते तर काय म्हणाले असते?"

तिला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता रडू. "म्हणाले असते, माणूस चाललाय की गोगलगाय?"

मग तिनेच जादा चित्रं एकेक करून गठ्ठ्यातून बाजूला केली. एकशे पाच. ती माझ्या खणात ठेवली आणि खण लावून टाकला. चित्रपट गाजला म्हणे. पोरं छत्र्या उपसून राजे होत होती. जादूगार तीन सेकंदांत निघून गेला, आणि कुणाच्या लक्षातही आलं नसेल.

पुढे संगणक आले. माझ्यावर आधी चहाचे कप आले, मग एक छपाईयंत्र, आणि मग मला जिन्याखाली ढकललं. लेकीच्या नजरेने दगा दिला तेव्हा तिने काम सोडलं. शेवटच्या दिवशी ती जिन्याखाली वाकून आली, खणावर हात ठेवून उभी राहिली. उघडला मात्र नाही. मला फार वाईट वाटलं, पण तिला दोष देववत नाही.

आता मी गोदामात आहे. इथली जुनी टेबलं फोडून जाळायला देणार, असं परवा दोघे हमाल बोलत होते. मित्रांनो, माझं काय, मी लाकूड आहे. पण माझा खण ओलीने फुगून घट्ट बसलाय, आणि रिकामाच असेल असं समजून तसाच फोडतील. तुमच्यापैकी कुणी आधी पोचलं, तर जोर लावा, लाथ घाला, पण तो उघडा. कागद कोपऱ्यातल्या आकड्यांप्रमाणे लावा आणि अंगठ्याने उलटा. घाई करू नका, अगदी सावकाश उलटा. दारातलं चित्र त्यांत नाही, ते चित्रपटात गेलं. या कागदांमधला म्हातारा अजून खोलीतच आहे.