तीस फेऱ्या आणि एक कपाळ

रविवारी पहाटे साडेपाचला दोघी फाटकाशी तयार उभ्या होत्या आणि तिसरी गॅस बंद आहे ना ते बघायला दुसऱ्यांदा वर गेली होती. फाटकाशी उभ्या असलेल्यांपैकी एक दातांची डॉक्टर, दुसरी शिवणवाली. वर गेलेली दोन मुलींची आई. तिघी तीन आठवड्यांनी बेचाळीस किलोमीटर पळणार होत्या. निदान दोघी तरी पळणार होत्या. तिसरीचं आज ठरायचं होतं.

सराव म्हणून एकदा तरी न थांबता तीस पळायचे, हा डॉक्टरचा नियम होता. आईचे दोन प्रयत्न वाया गेले होते. पहिल्यांदा बाविसाव्या किलोमीटरला फोन आला की बरणीचं झाकण उघडत नाही. दुसऱ्यांदा चोविसाव्याला, रिमोटवरून मारामारी. दोन्ही वेळा ती रिक्षा करून घरी गेली. बेचाळीसऐवजी दहा किलोमीटरमध्ये नाव हलवून घ्यायची मुदत आज संध्याकाळी संपत होती. डॉक्टरने तिला स्पष्ट सांगितलं होतं की आज तीस झाले नाहीत, तर नाव ती स्वतः हलवेल.

नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपावर, रविवारची पाळी. म्हणून शिवणवालीने तोडगा काढला होता. इमारत, औषधाचं दुकान, पोस्ट, शाळेची भिंत आणि परत फाटक, असा रस्ता बरोबर एक किलोमीटर भरत होता. त्याच्याच तीस फेऱ्या मारायच्या. फेरीला आठ मिनिटं. दर फेरीला मुलींनी पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत येऊन तोंड दाखवायचं. फोन करायचा नाही.

पंधरा फेऱ्या मुली झोपेत असताना निघाल्या. सोळाव्या फेरीला, सात अडतीसला, दोघी खिडकीत आल्या. थोरली बारा वर्षांची, तोंडात ब्रश. धाकटी आठची, भुवयांपर्यंत केसांची झालर, त्यातून अर्धवट उघडे डोळे. आईने हात केला.

अठराव्या फेरीला थोरलीने विचारलं की अजून किती राहिल्या. आईला गहिवरून आलं. आजवर तिच्या पळण्याची चौकशी घरात कुणी केली नव्हती.

एकोणिसाव्या फेरीला गहिवर ओसरला.

आई औषधांच्या कारखान्यात गोळ्यांच्या पाकिटांची तपासणी करते. बारा वर्षं तिच्या समोरून पट्टा सरकतो आहे. कुठे एक गोळी कमी, कुठे कोपरा फाटलेला. दिसला दोष की लाल बटण दाबायचं, पट्टा थांबवायचा. खिडकीकडे तिने जेमतेम दोन सेकंद पाहिलं असेल.

"झालर एक बोट वर गेलीय," ती म्हणाली.

डॉक्टर म्हणाली की वारा असेल. वारा नव्हता. आईने वर बघून कात्री खाली ठेवायला सांगितलं. थोरलीने साळसूदपणे विचारलं, "कुठली कात्री?"

विसाव्या फेरीला झालर डावीकडे वर आणि उजवीकडे खाली होती. शिवणवालीने मान तिरकी करून पाहिलं आणि धंद्यातलं मत दिलं की कापड सरळ धरलेलं नाही, आता उजवीकडून अर्धा इंच घेतील. एकविसाव्याला उजवीकडून घेतलं होतं. जरा जास्तच. आता डावी बाजू लांब झाली होती.

बाविसाव्याला धाकटी पोहण्याची टोपी घालून हजर झाली. सर्दी होईल म्हणून, असं थोरलीने न विचारताच सांगितलं.

आई थांबायच्या बेतात होती. उद्या शाळेत वर्गाचा फोटो होता, आणि वर्षभर तो हॉलमध्ये लागणार होता. डॉक्टरने तिला कोपराने पुढे ढकललं.

"वर जाऊन काय करणार? चिकटवणार? मुळं शाबूत आहेत ना, मग उगवेल."

"आणि मला विचारशील," शिवणवाली म्हणाली, "तर कापलेलं उसवता येत नाही."

आईने थांबण्याऐवजी वेग वाढवला. मुलींचा सगळा कारभार आठ मिनिटांच्या हिशेबावर चालला होता, हे तिच्या ध्यानात आलं होतं. तेविसावी फेरी तिने पावणेसात मिनिटांत मारली. खिडकीत तिची कुणी वाट पाहत नव्हतं. आत दिव्याखाली धाकटी स्टुलावर बसली होती आणि थोरली तिच्या कपाळाला स्टीलची पट्टी लावून माप घेत होती. आईने हाक मारताच पट्टी खाली पडल्याचा आवाज आला आणि पडदा ओढला गेला. चोविसावी फेरी आईने उलट्या बाजूने मारली. थोरली खिडकीत कोपऱ्याकडे डोळे लावून पहाऱ्याला उभी होती, फक्त चुकीच्या कोपऱ्याकडे. बाकी दोघी धापा टाकत मागून आल्या. डॉक्टर म्हणाली की हे पळणं नाही, ही धाड आहे, आणि अशा वेगाने तीस होणार नाहीत.

तिचं खरं ठरलं. सव्विसाव्या फेरीत पोस्टासमोर आईच्या पोटऱ्या दगड झाल्या. पाय उचलायचा म्हटलं तरी उचलेना. फाटक चारशे मीटरवर होतं, वर जायला सबळ कारण होतं, आणि त्या कारणासाठी तिला कुणीही नावं ठेवली नसती.

तिथे तिने एक गोष्ट कबूल केली, आणि तीही मोठ्याने. बरणीच्या वेळी धाकटीने नुसतं विचारलं होतं की झाकण कसं उघडायचं. 'येऊ का मी?' असं आईनेच म्हटलं होतं. रिमोटच्या वेळीही.

 शिवणवालीने विचारलं, "मग आता?"

"आता मी वर बघणार नाही. बघितलं तर जाईन. तुम्ही बघा, पण मला सांगू नका."

तिने रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर नजर लावली आणि लंगडत सुटली. खिडकीखालून जाताना वरून दोन्ही मुलींचा आवाज आला. थांबू नकोस, म्हणत होत्या. अजून चारच राहिल्यात, म्हणत होत्या. इतक्या कळवळून की आईची मान वर जाता जाता राहिली.

सत्ताविसाव्या फेरीला डॉक्टरने वर पाहिलं आणि तिला खोकला आला. अठ्ठाविसाव्याला शिवणवाली "अगं बाई" म्हणाली आणि तिने तोंडावर हात धरला. आईने विचारलं, किती वर? मग लगेच म्हणाली, नको, सांगू नका. एकोणतिसाव्याला दोघींनी एकदम वर पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं, आणि पोस्टापर्यंत दोघींचे खांदे हलत होते. आई दात-ओठ खात पांढरा पट्टा बघत राहिली. गोळ्या सरकत होत्या, काही फुटक्या होत्या, आणि बटण दाबायचं नव्हतं.

नऊ वाजून बेचाळीस मिनिटांनी तीस झाले. डॉक्टरने घड्याळ दाखवलं, पाठीवर थाप मारली आणि संध्याकाळी नाव हलवायचं काम रद्द झाल्याचं जाहीर केलं. आई दारातून आत शिरली, जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "आता बोलवा त्यांना."

मुली खाली आल्या, पण पूर्ण नाही. सहाव्या पायरीवर थांबल्या. धाकटीने टोपी काढली. झालर नावाचा प्रकार उरला नव्हता. उरलं होतं दाढीच्या ब्रशसारखं काहीतरी, अर्ध्या इंचाचं, आणि त्याखाली विस्तीर्ण कपाळ. थोरलीच्या कपाळावरही तेच होतं. कालपर्यंत तिला झालरच नव्हती.

"ती म्हणाली, माझं बिघडवलंस तर तुझंही," थोरली म्हणाली. "मग मी सारखं केलं."

आई उठायला गेली. कठडा धरून अर्धी उठली, पाय थरथरले आणि ती पुन्हा खाली बसली. दुसऱ्यांदा प्रयत्न केला, तेव्हा तेवढंही उठवलं नाही. वरच्या दोघी हे अतिशय लक्ष देऊन पाहत होत्या. धाकटी एक पायरी खाली आली. आईने हात लांबवला. पोहोचला नाही.

मग थोरलीने, कपाळावरचा तो ब्रश कुरवाळत, डॉक्टरला विचारलं की बेचाळीस पळाल्यावर माणसाला किती वेळ असं बसून राहावं लागतं.

"दोन दिवस तरी," डॉक्टर म्हणाली.

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं.