मात्रेचा हात

सासूबाईंनी सुनेच्या शिकवण्याला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. पहिलीच्या पोरांना सून अंगाने अक्षरं शिकवायची. काना म्हणजे ताठ उभं राहायचं, मात्रा म्हणजे उजवा हात डोक्यावर तिरका न्यायचा, आणि मग तेच फळ्यावर वाचायचं. शाळा आहे की तालीम, असं सासूबाई शेजारणींना ऐकवत. पण पोरं वाचू लागली होती आणि घर त्याच पगारावर चालत होतं.

एका संध्याकाळी नात ठकी, आईच्याच वर्गातली, अक्षरं करून दाखवत होती. मात्रेला तिचा हात खांद्याशीच थांबला. अर्धवट काम सासूबाईंना खपत नसे. त्या डाफरल्या.

"आईचा एवढाच जातो," ठकी म्हणाली. "मग आम्ही सगळे एवढाच करतो."

सासूबाईंची नजर अंगणातल्या दोरीकडे गेली. हल्ली दोरीवर कपडे घालायचं सून त्यांच्याच गळ्यात मारायची, आणि त्या तिला कामचुकार म्हणून टोचायच्या. सोमवारी मुख्याध्यापिका वर्ग बघायला येणार होत्या. नोकरी हंगामी. पसंत पडलं तर कायम, नाहीतर नारळ.

सुनेला विचारायचं म्हणजे नमतं घ्यायचं, आणि ते सासूबाईंच्या रक्तात नव्हतं. त्यांनी ठकीला भिंतीशी उभं करून हात वर, अजून वर, असं घोटून घेतलं. एक मेंढरू वळलं की कळप वळतो, आणि पोरांचे हात नीट वर गेले तर सुनेच्या हाताकडे कोण बघतंय, हा त्यांचा हिशेब.

सोमवारी डब्याचं निमित्त काढून त्या वर्गाच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. सुनेने मात्रा केली. सगळे हात खांद्याशी थांबले, एकसारखे. मुख्याध्यापिका मान डोलावत होत्या. त्यांना ती पद्धतच वाटली असावी. तेवढ्यात मागच्या बाकावरून एकच हात थेट डोक्यावर गेला. कळप वळला नाही.

मुख्याध्यापिकांनी ठकीकडे पाहिलं, बाकीच्यांकडे पाहिलं, आणि सुनेला हात वर करून दाखवायला सांगितलं. सुनेने जोर केला. ओठ पांढरे पडले, हात खांद्यापलीकडे गेला नाही. आधी दुखणं बरं करा, वर्ग दुसऱ्या बाईंना देऊ, असं त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या.

घरी सुनेने ठकीला विचारलं, हात कुणी शिकवला. ठकीने ऐटीत आजीकडे बोट दाखवलं.

"नीट शिकवलंत, आई," सून म्हणाली आणि आत गेली.

सासूबाईंनी त्या आवाजात टोमणा शोधला. सापडला असता तर व्याजासकट परत केला असता.